दशावताराचं रात्रीचं चित्रण : कॅमेरा स्वतःच्याच मनाने वागतोय, काय करू?

पावणो_पुण्याचो

नमस्कार मंडळी,

गाव वेंगुर्ल्याजवळ, नोकरी पुण्यात. मार्गशीर्षात आमच्या देवळाची जत्रा असते आणि त्या रात्री दशावतार. धाकटा चुलतभाऊ यंदा पहिल्यांदाच मोठ्या भूमिकेत उभा राहणार आहे. "तुझ्याकडे कॅमेरो आसा मा, मगे तूच काढ," असं काकीचं फर्मान सुटलंय.

सामान म्हणजे कॅनन २००डी मार्क २, त्याच्यासोबत आलेली १८-५५ (एफ/४-५.६), एक ५० एमएम एफ/१.८ आणि ट्रायपॉड. फ्लॅश वापरायचा नाही हे आधीच ठरलंय. नटाच्या डोळ्यांत उजेड जातो आणि पुढे बसलेली म्हातारी मंडळी ओरडतात ते वेगळंच.

परवा शेजारच्या गावात नाटक होतं, तिथे सराव म्हणून जाऊन आलो. लॅपटॉपवर बघतोय तर काही क्लिपांमध्ये आडवे पट्टे सरकतायत, काहींमध्ये अजिबात नाहीत. राजाचं तोंड चुन्यासारखं पांढरंफटक, नाकडोळे गायब, आणि तोच राजा कडेच्या हिरव्या लाईटमध्ये गेला की ठीक. काळ्या वेशातला संकासुर आला की फोकस मागेपुढे, मागेपुढे करत शेवटी मागच्या पडद्यावर जाऊन बसतो. निळा लाईट मारला की माणूस म्हणजे नुसता निळा डाग. आणि ४केमध्ये काढलेलं फुल एचडीपेक्षा वाईट दिसतंय, ते तर मला समजतच नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे. ते खिशाला झेपणार नाही. आहे याच कॅमेऱ्यात काय काय सांभाळायचं ते सांगा.

---

घाटावरचा

सोपं आहे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० च्या वर जाऊच नका, सगळा दाणा (चित्रातला खरखरीतपणा) तिथूनच येतो. काळं आलं तरी चालेल, नंतर एडिटिंगमध्ये ब्राइटनेस वाढवायचा. मी लग्नाचे फोटो असेच काढतो.

---

पेट्रोमॅक्स

पाव्हण्यांनू, फुल फ्रेमचं आधी डोक्यातून काढा. तुम्ही जे त्रास लिहिलेत त्यातले बहुतेक फुल फ्रेमवरही जसेच्या तसे येतील.

मी कुडाळकडचा. जत्रांचं चित्रण हौसेनं करतो, पोटासाठी दुसरा धंदा आहे. आमच्याकडे त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की आज या देवळात, उद्या त्या देवळात असं चालतं, त्यामुळे कॅमेऱ्याला काळोखात राबवायची संधी भरपूर मिळते. त्यातून झालेलं माझं मत असं : दिवसाउजेडी कॅमेरा आपल्या वतीने डझनभर निर्णय घेत असतो आणि ते बरोबर निघतात, म्हणून आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. रात्री तेच निर्णय चुकायला लागतात. तेव्हा आपला कॅमेरा न विचारता काय काय करतो ते शोधायचं आणि एकेक बंद करत जायचं. आयएसओचा नंबर त्यात सगळ्यात शेवटी येतो.

पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० सेकंद असलं की प्रत्येक फ्रेमला त्याचे बरोबर दोन हेलकावे मिळतात आणि पट्टा दिसत नाही. १/६० किंवा १/१२५ झालं की हिशेब मोडला. तुमच्या काहीच क्लिपांत पट्टे आहेत, म्हणजे शटर ऑटोवर होतं. उजेड बदलला की कॅमेरा शटरही बदलत होता. मेनूत व्हिडिओ सिस्टीम पाल ठेवा, २५ फ्रेम, व्हिडिओ एक्सपोजर मॅन्युअल, शटर १/५०. मग त्याला हात लावायचा नाही.

एवढं करूनही एखादा फिकट पट्टा हळूहळू चढताना दिसला तर जनरेटर बघा. देवळामागे धडधडणारा जनरेटर काही घड्याळ लावून ५० हर्ट्झ देत नाही, लोड वाढला की ढळतो. तेवढं सोसायचं. पण एलईडी पारचं (रंगमंचावरच्या डब्यासारख्या लाईटचं) मात्र बघता येतं. ते लाईट मंद करायचे म्हणजे आतून भराभर चालू-बंद करतात, आणि स्वस्त लाईटमध्ये ती चालू-बंद नेमकी कॅमेऱ्याला दिसेल इतकी सावकाश असते. लाईटवाल्याला नाटक सुरू व्हायच्या आधी चहा पाजा आणि सांगा, "समोरचा पांढरा अर्ध्यावर ठेवू नको, फुल सोड, फार वाटला तर मागे सरकव." आमच्याकडे निम्मे पट्टे या चहावर गेलेत. जुना हॅलोजन असेल तर प्रश्न कमी, त्याची तार तापलेली राहते, झटकन विझत नाही.

पांढरं तोंड. रंगमंचाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मागे गडद पडदा, मध्ये बाकडा, बाकड्यावर राजा. फ्रेममधला बराचसा भाग काळा. ऑटो आयएसओ तो काळा बघून म्हणतं, उजेड कमी आहे, वाढवा. वाढवतं ते राजाच्या तोंडाच्या जिवावर. त्यात तोंडावर सफेदा आणि गुलाबी रंगाचा जाड थर, म्हणजे साध्या कातडीपेक्षा जास्तच उजेड परततो. आयएसओ हाताने बांधून टाका. दोन हॅलोजन समोर असतील तर १/५०, एफ/२.८ (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक, अॅपर्चर, मोठं) आणि ८०० पासून सुरुवात करा, नुसते एलईडी असतील तर १६०० पासून. मग पडद्याकडे न बघता फक्त तोंडाकडे बघून वरखाली. गालावरच्या गुलाबी रंगाची कडा दिसली पाहिजे, ती गेली की समजा जास्त झालं. पडदा काळा आला तर येऊ दे, तो काळाच आहे.

आणखी एक खोड. कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर नावाचा प्रकार असतो, तो सावल्या आपोआप उजळतो. काळोखात सावली उजळणं म्हणजे दाणा वर काढणं. गंमत अशी की त्यातच 'एम आणि बी मोडमध्ये बंद' असा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर मॅन्युअलमध्ये एक चित्र आणि एव्हीमध्ये (शटर कॅमेरा ठरवतो त्या मोडमध्ये) तेवढ्याच आकड्यांवर वेगळं चित्र दिसतं, आणि माणूस डोकं खाजवत बसतो. सरळ बंद करा.

निळा डाग. सेन्सरच्या दर चार ठिपक्यांवर दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी अशा चकत्या असतात. शुद्ध निळा लाईट पडला की चारातला जेमतेम एक ठिपका काम करतो. तपशील कुठून येणार? वर निळा रंग फुटलेला असतो तरी साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सांगतो की सगळं ठीक आहे, कारण तो तिन्ही रंगांची गोळाबेरीज दाखवतो, आणि त्या बेरजेत निळ्याला वजन सगळ्यात कमी. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि निळ्या-लाल प्रसंगात एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडावर) खाली या. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर नको, नाहीतर तो निळ्याला पांढरं करायच्या नादात पुढच्या प्रवेशाची वाट लावतो. मेनूतल्या 'व्हाइट फ्लोरोसंट'वर, म्हणजे साधारण ४००० केल्विनवर, बांधून टाका. आणि लाईटवाल्याला तो दुसरा चहा पाजालच, तेव्हा सांगा की निळ्यासोबत समोरचा पांढरा थोडा तरी असू दे.

४के. या मॉडेलला ४केमध्ये सेन्सरचा मधलाच तुकडा वापरला जातो, जवळजवळ १.६ पट क्रॉप. म्हणजे १८ एमएम लावली तरी दिसतं २९ एमएमएवढं, आणि कमी जागेवर एकूण उजेडही कमी गोळा होतो. शिवाय ४केमध्ये ड्युअल पिक्सेल फोकस (कॅननचा जलद ऑटोफोकस) चालत नाही, कॉन्ट्रास्ट बघून फोकस शोधतो. काळोखात कॉन्ट्रास्ट कुठे आहे? फुल एचडीमध्ये सेन्सरची पूर्ण रुंदी मिळते, फोकसही चांगला मिळतो. रात्री फुल एचडीच वापरा. घरच्या टीव्हीवर काकीला काही कमी वाटणार नाही. डिजिटल आयएस (हलणं सावरणारी सोय) असेल तर तेही बंद, ते आणखी कापतं आणि ट्रायपॉडवर त्याचा उपयोग शून्य.

संकासुर. काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, मागे काळा पडदा. चेहरा ओळखणाऱ्या फोकसला यात चेहरा सापडणार कसा! इथे मॅन्युअल फोकस, दुसरा उपाय नाही. दशावताराची एक सोय म्हणजे बाकडं हलत नाही. नाटकाआधी लाईट लागले की स्क्रीनवर दहापट मोठं करून बाकड्याच्या पुढच्या कडेवर फोकस लावा. ५० एमएम, एफ/२.८, चार मीटरवर बसलात तर पुढेमागे मिळून साधारण पाऊण मीटरला जरा कमी एवढी जागा स्पष्ट राहते. एफ/१.८ ला तीच अर्ध्या मीटरच्या आत येते आणि नट एक पाऊल पुढे आला की गेला. म्हणून ५० एमएम आहे म्हणून १.८ वरच चालवायची असं नाही. तुमची १८-५५ झूम केली की एफ/५.६ होते, उजेड निम्म्यावर येतो, आणि ते झूम करतानाच होतं, म्हणून चालू क्लिपमध्ये झूम करू नका. एसटीएम (मोटरवर फोकस होणाऱ्या) लेन्सची फोकस रिंग कॅमेरा चालू असतानाच काम करते. ऑटो पॉवर ऑफ बंद ठेवा, आणि मध्ये बॅटरी बदललीत तर बाकड्यावर फोकस पुन्हा बघून घ्या.

घाटावरचे साहेब, तुमची युक्ती फोटोत, तीही रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये), बऱ्याच अंशी चालते. व्हिडिओत नाही. या कॅमेऱ्याचा व्हिडिओ ८ बिटचा आणि दाबून बसवलेला, काळ्या भागात माहिती ठेवतच नाही. तिथून उजेड ओढायला गेलात की चौकडेच चौकडे वर येतात. व्हिडिओत योग्य उजेड आणि जास्त आयएसओ, हे कमी आयएसओ आणि नंतरच्या ओढाताणीपेक्षा केव्हाही बरं.

आता मुख्य काम. हे सगळं जत्रेत शिकायचं नाही, घरी शिकायचं. रात्री एका खोलीत झिरोचा बल्ब लावा. खुर्चीवर काळी छत्री उघडून ठेवा, तिच्यावर लाल रुमाल टाका, शेजारी घासलेला पितळी तांब्या ठेवा आणि एखाद्या भाच्याला पावडर फासून बसवा. काळ्यात फोकस लागतो का ते छत्री सांगेल, किरीटाची चमक कुठे फुटते ते तांब्या सांगेल. मग आयएसओ ४००, ८००, १६००, ३२००, ६४०० अशा दहा-दहा सेकंदांच्या क्लिपा काढा आणि टीव्हीवर, जिथे शेवटी बघायचं आहे तिथे बघा. लॅपटॉपवर दोनशे टक्के मोठं करून दाणे मोजायला बसू नका. कुठल्या आकड्यापर्यंत घरचे तक्रार न करता बघतात, तो तुमचा आकडा. दुसऱ्याचा आकडा घेऊन उपयोग नाही.

कॅमेऱ्याची मागची स्क्रीनही रात्री फसवते. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना ती इतकी लख्ख दिसते की कमी उजेडाची क्लिपही छान वाटते. तिची ब्राइटनेस तीन पायऱ्या खाली आणा आणि निर्णय हिस्टोग्रामवर घ्या. मागे बसलेल्यांनाही त्रास कमी.

---

डोंबिवली_लोकल

पेट्रोमॅक्स यांच्या 'न विचारता काय करतो' यावर माझी भर. मी कार्यक्रमांचं चित्रण करते, कॅमेरा पॅनासॉनिक एस५. याची खोड ऐकाल तर हसाल. व्ही-लॉगमध्ये (नंतर रंग लावण्यासाठी काढतात त्या फिक्या चित्रात) याला दोन मूळ आयएसओ आहेत, ६४० आणि ४०००. ऑटोवर ठेवलं तर ३२०० ला तो अजून खालच्या सर्किटवर असतो आणि ४००० ला वरच्यावर उडी मारतो. परिणाम असा की ४००० चं चित्र ३२०० पेक्षा स्वच्छ! हे माहीत नसलेला माणूस 'कमी आयएसओ बरा' म्हणून ३२०० वर काढतो आणि जास्त दाणा घरी घेऊन जातो. सोनीच्या ए७एस ३ मध्ये एस-लॉग३ ला हीच गोष्ट ६४० आणि १२८०० वर होते.

तुमच्या कॅमेऱ्यात अशी उडी आहे की नाही हे कोणाला विचारत बसू नका. लेन्सला झाकण लावा, प्रत्येक आयएसओला पाच सेकंद रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये सगळ्या क्लिपा सारख्याच उजळा. दाणा एकेका पायरीने वाढत गेला तर उडी नाही. मध्येच कुठे कमी झाला तर ती जागा लिहून ठेवा. मी ती चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवली आहे.

फोकसबद्दल : एस५ कॉन्ट्रास्टवर फोकस शोधतो, त्यामुळे काळोखात पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी हलते. (झटपट फोकस लावणारं फेज डिटेक्ट २०२३ च्या एस५ २ मध्ये आलं.) म्हणून रंगमंचावर मी मॅन्युअलच. मोठा कॅमेरा घेतला म्हणून ही कटकट गेली असं काही झालं नाही, पाहुण्यांनी पैसे वाचवावेत.

एक मतभेद. निळ्या प्रसंगात एक स्टॉप खाली या म्हणता, पण ८ बिट व्हिडिओत चेहऱ्यावर फक्त निळाच लाईट असेल तर खाली आल्यावर चेहरा पूर्ण जातो. मी अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त खाली जात नाही. किरीटाची निळी चमक फुटली तर फुटू दे.

---

पेट्रोमॅक्स

@डोंबिवली_लोकल, ताई, मान्य. समोरचा पांढरा थोडा चालू असेल तर एक स्टॉप, नुसताच निळा असेल तर तुमचा अर्धा. आमच्याकडच्या लाईटवाल्यांना नुसता निळा फार प्रिय, राक्षस आला की खटका दाबलाच.

---

तात्या_देवळावयलो

रे पावण्या, संकासुराक फोकस लागत नाय तर तेच्या जिभेर लाव. लाल जीभ काळ्यार बरोबर गावता. पण तो एका जाग्यार उभो रवता खंय, लोकांत घुसता! तो खाली उतारलो की कॅमेरो बंद कर आणि पोरांची तोंडा बघ, काय बोंबलतत ती.

आणि रंगवतत थंय लवकर जा. नट पेटाऱ्यार बसान, हातात आरसो धरून सोताच रंग लायतत. एक बल्ब डोक्यार आसता, पुरे होता. पण आधी मालकाक इचार. पेटाऱ्याक पाय लावशीत तर मार खाशीत.

---

पावणो_पुण्याचो

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरी छत्री-तांब्याचा प्रयोग केला. भाचा मिळाला नाही, बायकोने पावडर लावून घ्यायला ठाम नकार दिला, शेवटी स्वतःच बसलो. दिसलं ते असं : फुल एचडीला १६०० पर्यंत टीव्हीवर काहीच खटकत नाही, ३२०० ला छत्रीच्या घड्या मुंग्यांसारख्या वळवळतात पण तोंड ठीक, ६४०० नको. ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर 'स्टँडर्ड'वर होता, तो बंद केल्यावर छत्री खरोखर काळी झाली. झाकण लावून केलेल्या चाचणीत मध्ये उडी वगैरे दिसली नाही, दाणा सरळ वाढत गेला.

दोन शंका राहिल्या. एक, युद्धाच्या प्रसंगात फोटो काढायचे तर शटर १/५० ला हात आणि तलवारी सगळंच हलणार. तिथे पट्ट्यांचं काय? दोन, पहाटे दहीकाला होतो तेव्हा आकडे बदलायचे की रात्रीचेच ठेवायचे?

---

पेट्रोमॅक्स

फोटोचं वेगळं. युद्धनृत्याला १/२५० तरी लागेल, रॉमध्ये काढा, आयएसओ ३२०० गेला तरी फिकीर नको, फोटोतला दाणा स्थिर असतो, व्हिडिओतल्यासारखा वळवळत नाही. पट्ट्यांसाठी मेनूत अँटी-फ्लिकर शूटिंग आहे, ते चालू करून व्ह्यूफाइंडरमधून काढा. दिव्याचा उजेड शिखरावर असताना तो शटर सोडतो. त्यामुळे बटण दाबल्यावर किंचित उशीर वाटेल, तो दोष नव्हे. एलईडी पारच्या चालू-बंदपुढे मात्र त्याची मात्रा चालत नाही. तिथे लागोपाठ चार-पाच काढा आणि बरा ठेवा. आणि पायपेटी-पखवाजाचा ठेका ऐका. वार कधी पडणार ते पखवाजी आधीच सांगतो. दोघांच्या तलवारी वर थांबतात त्या क्षणी १/१२५ सुद्धा पुरतं.

पहाटेला रात्रीचे आकडे अजिबात ठेवू नका. आभाळ उजळायला लागलं की दर दहा मिनिटांनी बघावं लागतं. आधी आयएसओ उतरवा, तो ४०० पर्यंत खाली आला की मग अॅपर्चर बंद करत चला, शटर १/५० तसंच. व्हाइट बॅलन्सचा पेच असा की मंडपात अजून पिवळे हॅलोजन आणि बाहेरून निळा उजेड, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. दोघांना खूश करता येत नाही. मी नटाच्या तोंडावर जो उजेड आहे त्याचा हिशेब धरतो आणि बाहेरचं निळं तसंच सोडतो. हंडी फुटायच्या वेळी सगळे पुढे सरसावतात, तेव्हा बाकड्यावरचा फोकस कामाचा नाही. उजेडही पुरेसा झालेला असतो, ड्युअल पिक्सेलवर टाका.

एक राहिलं. या कॅमेऱ्यात एक क्लिप २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबते. आख्यान काही तुमच्या मिनिटांकडे बघून चालत नाही. प्रवेश संपून गाणं सुरू झालं की स्वतःच थांबवून लगेच नवी सुरू करा. रात्रभराला तीन बॅटऱ्या तरी हव्यात, मार्गशीर्षातल्या थंडीत त्या लवकर बसतात. एक अंगातल्या खिशात ठेवा.

---

पावणो_पुण्याचो

तिसरी बॅटरी मागवतो. आयएसओ आणि शटरचे आकडे चिकटपट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीवर लावलेत, डोंबिवलीच्या ताईंची युक्ती. ८५ एमएम एफ/१.८ एका रात्रीपुरती कुडाळात किंवा सावंतवाडीत भाड्याने मिळते का हो कुठे? मला शेवटच्या रांगेत जागा मिळेल असं दिसतंय, पुढच्या रांगा काकीने पाहुण्यांना वाटून टाकल्यात.

---

पेट्रोमॅक्स

लग्नसराई सुरू व्हायच्या आत स्टुडिओवाल्यांना विचारा, देतात, डिपॉझिट घेऊन. पण त्याआधी काकीला विचारा, बाजूच्या खांबाजवळ ट्रायपॉडपुरती दोन फूट जागा मिळते का. ५० एमएम तिथून पुरते.